गेमचं डाउनलोड रखडलं की कुठे काय बघायचं

तीन आठवडे मी ११ या आकड्याकडे बघत बसलो होतो. गेम कोणताही असो, लाँचर (गेम उतरवायचं आणि चालवायचं ॲप) कोणताही असो, वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास जायचा आणि तिथेच ठाण मांडायचा. इंटरनेटचा प्लॅन होता ३०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिटचा. मी डाउनलोडचे सर्व्हर बदलले, डीएनएस (सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला, विंडोज नव्याने टाकलं, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर दोनदा हुज्जत घातली. दोष भलतीकडेच होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय! तो कुठे होता ते चौथ्या पायरीत येईलच, पण ११ हा आकडा पहिल्या दिवसापासून उत्तर सांगत होता. मलाच तो वाचता येत नव्हता.

गेमचा डेटा दूरच्या सर्व्हरवरून निघतो, इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातून तुमच्या राउटरपर्यंत येतो, तिथून केबलने किंवा वायफायने कम्प्युटरमध्ये शिरतो, प्रोसेसर तो उलगडतो आणि शेवटी डिस्कवर लिहिला जातो. या वाटेवर जिथे सर्वांत अरुंद जागा असेल, तोच तुमचा वेग. बाकी वाट कितीही रुंद केली तरी फरक शून्य. तेव्हा खाली दिलेल्या क्रमानेच जा. सोप्या आणि फुकट तपासण्या आधी ठेवल्या आहेत.

हाताशी काय ठेवाल

- एक लॅन केबल, राउटरपासून कम्प्युटरपर्यंत पोहोचेल एवढी. केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असावं.
- राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड. वायफायचा नव्हे, राउटरच्या आतल्या पानाचा. बहुतेक वेळा तो राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो.
- तुमच्या प्लॅनचा नेमका वेग, आणि डेटाची मर्यादा असेल तर ती संपल्यावरचा वेग.
- लाँचरच्या खात्याचा पासवर्ड. मध्येच पुन्हा लॉगिन करावं लागू शकतं.
- वही आणि पेन. हसू नका. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर वेग लिहून ठेवला नाही, तर तासाभराने कशामुळे काय झालं ते आठवत नाही.

पायरी १ : वेग खरंच कमी आहे का?

निम्म्या लोकांचा शोध या पायरीवरच संपतो. इंटरनेट कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, लाँचर दाखवतो मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर लाँचरमध्ये जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट दिसणार. त्यातही प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिण्यात थोडी जागा जाते, त्यामुळे प्रत्यक्षात साडेअकरा-बारा दिसले तरी लाइन पूर्ण भरून वाहते आहे असं समजा.

हिशोब करून बघा. १०० जीबीचा गेम, १०० एमबीपीएसची लाइन : १,००,००० भागिले १२.५, म्हणजे ८,००० सेकंद, साधारण सव्वादोन तास. तोच गेम ४० एमबीपीएसवर साडेपाच तासांच्या वर जातो. ‘बाल्डर्स गेट ३’ सारखा गेम डिस्कवर १५० जीबी जागा मागतो. एवढा डेटा उतरायला रात्र गेली तर त्यात बिघाड काही नाही, वस्तूच अवाढव्य आहे.

स्टीम या लाँचरच्या डाउनलोड सेटिंगमध्ये वेग बिटमध्ये दाखवायचा पर्याय आहे. तो चालू केलात तर प्लॅनच्या आकड्याशी थेट तुलना करता येते. डोक्यात भागाकार करत बसायला नको.

पायरी २ : एक खरं मोजमाप घ्या

कुठल्याही स्पीड टेस्टच्या संकेतस्थळावर वेग मोजा, पण तीन पथ्यं पाळून. एक, सगळी डाउनलोड थांबवा. दोन, टेस्ट ज्या कम्प्युटरवर गेम उतरवायचा आहे त्यावरच घ्या. मोबाइलवर घेतलेली टेस्ट मोबाइलबद्दल सांगते. तीन, एकदा वायफायवर आणि एकदा केबल लावून घ्या.

शक्य असेल तर सकाळी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला असं दोनदा मोजा. आकडे वहीत.

केबलवर प्लॅनइतका वेग आणि वायफायवर फार कमी, तर पायरी ४ मधला वायफायचा भाग तुमच्यासाठी आहे. केबलवरही वेग कमी असेल तर आधी केबलचा भाग वाचा, मग पायरी ८. टेस्टमध्ये वेग भरपूर दिसतो पण गेम मात्र रांगतो, अशी स्थिती असेल तर पाणी तुमच्या कम्प्युटरमध्ये किंवा लाँचरमध्ये मुरतंय. त्यासाठी पायरी ३, ५ आणि ६.

एक सावधगिरी : टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्या जवळचा निवडला जातो, आणि टेस्टमध्ये डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. त्यामुळे टेस्ट चांगली आली म्हणजे सगळं आलबेल, असं नाही.

पायरी ३ : आलेख वाचायला शिका

माझ्या मते सगळ्या लेखातली कामाची पायरी ही. डाउनलोड चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ या भागात जा. तिथे प्रोसेसर, डिस्क, वायफाय किंवा इथरनेट (म्हणजे केबल) असे वेगवेगळे आलेख दिसतील. स्टीममध्ये तर डाउनलोडच्या पानावरच नेटवर्कचे निळे दांडे आणि डिस्कची हिरवी रेष एकत्र दिसते. पाच मिनिटं नुसतं बघत बसा. काहीही बदलू नका.

सपाट पठार दिसतंय? वेग एका आकड्यावर जाऊन चिकटला आणि तासभर हलला नाही, तर कुठेतरी मर्यादा घातलेली आहे. ती प्लॅनची असेल, लाँचरच्या सेटिंगमधली असेल, नाहीतर केबलची. नैसर्गिक गर्दी इतकी शिस्तशीर नसते.

करवतीचे दाते दिसतायत? नेटवर्क पूर्ण वेगाने चढतं, मग एकदम शून्यावर येतं, थोड्या वेळाने पुन्हा चढतं. आणि त्या शून्याच्या काळात डिस्क मात्र १०० टक्क्यांवर घाम गाळत असते. इथे इंटरनेट निर्दोष आहे. आलेला माल गोदामात रचायला वेळ लागतोय म्हणून गाडी दारात थांबली आहे. पायरी ५ बघा.

आलेख सतत थरथरतोय, कधी ८, कधी २, कधी ५? वायफायची शक्यता दाट.

दिवसभर छान आणि संध्याकाळी कोसळतो? तुमच्या भागातली लाइन किंवा डाउनलोडचा सर्व्हर गर्दीने भरलाय.

प्रोसेसर ९५-१०० टक्क्यांवर आहे? हे अनेकांना ठाऊक नसतं : गेम दाबून, आवळून पाठवला जातो. स्टीम फाइलचे साधारण १ मेगाबाइटचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा आवळतं आणि कुलूपबंद करतं. तुमच्याकडे पोहोचल्यावर प्रत्येक तुकडा उघडायचं, फुगवायचं काम तुमच्या प्रोसेसरचं. म्हणूनच डिस्कवर लिहिण्याचा वेग नेटवर्कच्या वेगापेक्षा जास्त दिसतो. लाइन फार वेगवान आणि प्रोसेसर जुना असेल, तर प्रोसेसरच दमतो. लॅपटॉप असेल तर तो चार्जरवर लावा, बॅटरी सेव्हर बंद करा, आणि हवा जायची जाळी गादी-उशीने झाकली गेलेली नाही ना ते बघा. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो.

आणि एक फसवं दृश्य. अपडेट ५०० मेगाबाइटचं, ते दोन मिनिटांत उतरलं, पण पुढे अर्धा तास नेटवर्क शून्य आणि ‘अपडेट चालू आहे’ असंच दिसतंय. घाबरून रद्द करू नका. काही गेम आपला सगळा ऐवज दोन-चार राक्षसी फाइलींमध्ये ठेवतात. त्यातला चिमूटभर भाग बदलायचा तरी अख्खी फाइल नव्याने रचावी लागते. लाँचर तेच करतोय. यासाठी मोकळी जागाही अपडेटच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त लागते. मी एकदा वैतागून अशा वेळी कम्प्युटर बंद केला होता; नंतर फाइली तपासण्यात त्याहून जास्त वेळ गेला.

पायरी ४ : केबल आणि वायफाय

*केबल.* आता माझ्या ११ ची गोष्ट. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १,००० एमबीपीएसचा दुवा जुळायला चारही जोड्या शाबूत लागतात. १०० एमबीपीएसला मात्र दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही. दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. आणि १०० एमबीपीएसच्या दुव्यावर प्रत्यक्षात किती मिळतात? सेकंदाला ११ ते १२ मेगाबाइट. माझी केबल कपाटाच्या पायाखाली चेपली गेली होती. केबल बदलली, पाच मिनिटांत वेग ३५ वर.

तेव्हा प्लॅन १०० पेक्षा मोठा असेल आणि वेग ११-१२ वर अडकत असेल, तर दुसरं काहीही करायच्या आधी हे बघा : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘इथरनेट’, त्यात ‘लिंक स्पीड’. तिथे १०००/१००० असायला हवं. १००/१०० दिसलं तर संशयित चार :

- केबल. आधी दुसरी लावून बघा.
- राउटरचं पोर्ट. इथे भलेभले फसतात. खोक्यावर ‘१२०० एमबीपीएस’ छापलेलं असतं, तो वायफायचा कागदी आकडा; मागची लॅनची पोर्टं मात्र १०० चीच असतात. माहितीपत्रकात ‘गिगाबिट’ हा शब्द शोधा. ‘फास्ट इथरनेट’ किंवा ‘१०/१००’ लिहिलं असेल तर तो राउटर तुमच्या प्लॅनला पुरत नाही. नाव ‘फास्ट’ असलं तरी.
- यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर. स्वस्तातले अनेक १०० चेच असतात.
- नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी वेग हाताने १०० वर बांधून ठेवलेला. तो ‘ऑटो निगोशिएशन’वर (वेग आपोआप ठरवण्यावर) आणा.

*वायफाय.* शक्य असेल तर मोठा गेम उतरवताना केबलच लावा, मग पुढचं वाचायची गरज नाही. शक्य नसेल तर बघू.

आधी कोणत्या बँडवर आहात ते पाहा. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीतून लांब जातो, पण हळू आणि गजबजलेला. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे त्याच परिसरात. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा बँड कितीतरी वेगवान, पण भिंतींपुढे लवकर नमतो. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर कम्प्युटर कधीकधी हट्टाने २.४ वर बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या आणि कम्प्युटर ५ वाल्याला जोडा. नुसत्या एवढ्या बदलाने बऱ्याच घरांतला प्रश्न सुटतो.

वायफायचा ‘लिंक स्पीड’ही विंडोजमध्ये दिसतो, पण त्यावर भाळू नका. हवेत एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे थांबतात. त्यामुळे लिंक स्पीडच्या निम्म्याच्या आसपास खरा वेग मिळाला तरी ते ठीकच म्हणायचं. दूरच्या खोलीतला एखादा जुना मोबाइल रडतखडत काही उतरवत असेल, तर तो हवेतला वेळ खातो आणि तुमच्या वाट्याला कमी येतो.

आणखी काही गोष्टी, ज्या मी इतरांच्या घरी पाहिल्या आहेत :

मदरबोर्डसोबत आलेला वायफायचा अँटेना खोक्यातच राहिलेला असतो. कम्प्युटरच्या मागे दोन सोनेरी पेचाची टोकं उघडी दिसत असतील तर अँटेना लावायचाच राहिलाय. जवळ राउटर असेल तर नेट चालतं, म्हणून लक्षात येत नाही.

छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टात, भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो. पत्र्याचा आडोसा तर असतोच, शिवाय यूएसबी ३ च्या कामामुळे २.४ बँडमध्ये गोंगाट होतो. यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर मोकळ्या जागी आणा.

रेंज वाढवायला मधे रिपीटर ठेवलेला असतो. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा उच्चारतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, वेग मात्र नाही.

राउटर कपाटात, टीव्हीमागे किंवा जमिनीवर असेल तर उंचावर, उघड्यावर ठेवा. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

पायरी ५ : डिस्क

करवतीचे दाते दिसले असतील तरच ही पायरी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ सतत १०० टक्के असेल तर डिस्क हाच अडथळा.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एक मोठी फाइल सलग लिहिताना सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट लिहू शकते. पण गेम उतरवताना तिला एकाच वेळी इथे-तिथे तुकडे लिहावे लागतात, जुने वाचावे लागतात. मग तो वेग काही मेगाबाइटवर घसरतो. गेम एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर) उतरवा. जागा कमी असेल तर उतरवून झाल्यावर हार्ड डिस्कवर हलवा. स्टीममध्ये गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मधून तो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही.

एसएसडी असूनही वेग सुरुवातीला उत्तम आणि काही जीबींनंतर ढेपाळतो, असं होत असेल तर तीही ओळखीची गोष्ट आहे. स्वस्त एसएसडीमध्ये थोडा भाग चपळ असतो, येणारा डेटा आधी तिथे जमा होतो. तो भाग भरला की मागची संथ बाजू उघडी पडते. डिस्क जितकी भरलेली, तितका हा चपळ भाग छोटा. म्हणून निदान १५-२० टक्के जागा मोकळी ठेवावी, असा माझा शिरस्ता आहे.

बाहेरून लावलेली डिस्क असेल तर ती कोणत्या पोर्टात आहे ते पाहा. यूएसबी २ च्या पोर्टात उत्तम एसएसडी लावली तरी ती सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या पुढे जात नाही.

अँटिव्हायरसही इथेच आडवा येतो. तो लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलची झडती घेतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याचा प्रोसेसर किंवा डिस्कचा वापर बराच दिसला, तर विंडोज सिक्युरिटीच्या ‘एक्स्क्लूजन्स’मध्ये फक्त गेमच्या लायब्ररीचा फोल्डर टाका. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका, आणि ज्या फोल्डरमध्ये इतरही डाउनलोड येतात तो तर मुळीच वगळू नका. मी गेम उतरला की वगळलेला फोल्डर यादीतून काढून टाकतो.

पायरी ६ : लाँचरची सेटिंग

स्टीममध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘डाउनलोड्स’. तिथे क्रमाने :

1. वेगाची मर्यादा घातलेली आहे का? असल्यास काढा. पूर्वी कधीतरी घरच्यांच्या तक्रारीमुळे आपणच घातलेली असते आणि आपणच विसरलेलो असतो.
2. ‘डाउनलोड रीजन’. आपोआप निवडलेला भाग सहसा ठीक असतो, पण संध्याकाळी अडत असेल तर जवळचे दोन-तीन दुसरे भाग निवडून बघा. प्रत्येकाला निदान पाच मिनिटं द्या. पहिल्या वीस सेकंदांवरून निकाल लावू नका.
3. गेम खेळताना डाउनलोड चालू ठेवायचा पर्याय. तो मुळात बंद असतो. म्हणजे एक गेम मागे उघडा असेल तर दुसऱ्याचं डाउनलोड थांबतं. ‘काहीच उतरत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं गेमचं मेन्यू पान मागे उघडं असतं.
4. ‘क्लिअर डाउनलोड कॅश’. डाउनलोड एकाच टक्क्यावर अडकून बसलं असेल तर. गेम पुसले जात नाहीत, पण पुन्हा लॉगिन करावं लागतं. पासवर्ड हाताशी ठेवा म्हटलं ते यासाठी.

एपिकच्या लाँचरमध्ये आणि बॅटल डॉट नेटमध्येही वेगाची मर्यादा घालायची चौकट असते; दोन्हीकडे ० म्हणजे मर्यादा नाही. चौकटीशेजारी एकक काय लिहिलंय ते नीट वाचा. किलोबाइटच्या जागी मेगाबाइट समजून ५० लिहिलं, तर सेकंदाला ५० किलोबाइटने गेम उतरतो आणि माणूस राउटरला शिव्या घालतो.

एक्सबॉक्सच्या ॲपमधून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून उतरवत असाल तर मर्यादा ॲपमध्ये सापडणार नाही, ती विंडोजमध्ये असते : ‘विंडोज अपडेट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’. तिथे पार्श्वभूमीत आणि समोर चालणाऱ्या डाउनलोडसाठी वेगवेगळ्या मर्यादा असतात. दोन्ही तपासा. नेटवर्क ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजूनमापून वापरायची लाइन) म्हणून नोंदलेलं नाही ना, तेही बघा.

एकाच वेळी दोन लाँचर उतरवत असतील तर एक थांबवा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पायरी ७ : घरात आणखी कोण वापरतंय?

कुणी चित्रपट बघतंय हे आपल्याला कळतं. न कळणारी गोष्ट आहे अपलोड. मोबाइल चार्जिंगला लागला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, कम्प्युटरवर क्लाउडचा फोल्डर फाइली वर चढवत असतो. हे बाहेर जाणारं काम, मग येणारं का अडावं? कारण आलेल्या डेटाची पोच सर्व्हरला परत पाठवावी लागते, आणि ती जाते अपलोडच्याच वाटेने. ती वाट तुंबली की पोच उशिरा पोहोचते, सर्व्हर पुढचा माल सावकाश सोडतो. ज्या लाइनवर अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा फार कमी असतो तिथे हे हमखास जाणवतं.

तपासायला सोपं : राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, बाकीच्यांचं वायफाय दोन मिनिटं बंद करा, वेग बघा. वाढला तर एकेक परत चालू करा. आणि यादीत अनोळखी उपकरण दिसलं तर वायफायचा पासवर्ड आजच बदला.

व्हीपीएन चालू असेल तर बंद करून मोजा. तो सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून आणतो.

मधेच : हे करू नका

‘डाउनलोड बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर टाकू नका. तुमच्या लाइनला ती रुंद करू शकत नाहीत, आणि त्यांच्यासोबत काय काय घरात शिरतं ते नंतर कळतं.

‘विंडोज तुमच्या नेटचे २० टक्के राखून ठेवतं, ही सेटिंग शून्य करा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चूक आहे. एखाद्या प्रोग्रॅमने प्राधान्य मागितलं तरच ती राखीव जागा वापरात येते, एरवी पूर्ण वेग सगळ्यांना खुला असतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः हा खुलासा केला आहे.

डीएनएस बदलून वेग वाढतो, हे अर्धसत्य. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो, माल वाहत नाही. कधीकधी नव्या डीएनएसमुळे वेगळा, जवळचा सर्व्हर पदरात पडतो आणि फरक पडतो, म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लावून बघायला हरकत नाही. पण पहिल्या चार पायऱ्या टाळून इथे येऊ नका. मी आलो होतो.

पायरी ८ : इंटरनेट कंपनीला फोन

केबलवर, एकच कम्प्युटर जोडून, लिंक स्पीड १,००० असूनही टेस्ट प्लॅनपेक्षा बरीच कमी येत असेल, तरच फोन उचला. राउटर त्याआधी एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, कारण समोरचा पहिलं वाक्य तेच म्हणणार.

समोर हे ठेवून बोला :

- ग्राहक क्रमांक आणि प्लॅनचा वेग
- तीन दिवसांच्या टेस्ट, तारीख-वेळेसह, सकाळ आणि रात्र वेगळी
- टेस्ट केबलवर घेतली, ही गोष्ट ठळकपणे
- शक्य असल्यास दुसऱ्या कम्प्युटरवरचाही निकाल

‘नेट स्लो आहे’ असं म्हणू नका. ‘गेम हळू उतरतो’ असं तर मुळीच नाही. तो आमचा प्रश्न नाही, असं उत्तर तयार असतं. म्हणा : ‘केबलवर सकाळी २८० मिळतात, रात्री ९ ते ११ मध्ये ६०. तीन दिवसांची नोंद आहे.’ मग विचारा की डेटाची मर्यादा संपून वेग उतरवलाय का, लाइनमध्ये दोष दिसतोय का, की त्या भागात गर्दी आहे. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पायरी ९ : वेग वाढणारच नसेल तर

प्लॅनच लहान आहे, किंवा रात्रीची गर्दी हटणार नाही, असं ठरलं की प्रश्न वेगाचा न राहता वेळेचा होतो. स्टीममध्ये अपडेट कोणत्या तासांत उतरवायचे ते ठरवता येतं. पहाटेचे तास द्या. रात्रभर चालू ठेवणार असाल तर कम्प्युटर किती मिनिटांनी झोपतो ते ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये बघा. काही लाँचर त्याला जागं ठेवतात, काही नाही. लॅपटॉपचं झाकण लावलंत तर तो बहुधा झोपलाच.

घरात दुसऱ्या कम्प्युटरवर तोच गेम आधीच असेल तर इंटरनेटला हात लावायचीच गरज नाही. स्टीममध्ये २०२३ पासून गेमच्या फाइली घरातल्या घरात एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय आहे. दोन्हीकडे स्टीम चालू हवं आणि ‘डाउनलोड्स’मध्ये स्थानिक नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याचा पर्याय परवानगी दिलेला हवा. दोन्ही कम्प्युटर केबलने राउटरला जोडा, देणाऱ्या कम्प्युटरवरचा गेम अद्ययावत करून घ्या, आणि मग घेणाऱ्यावर नेहमीसारखं ‘इन्स्टॉल’ दाबा.